ब्रह्मपुरीची झारी आणि पानगोष्ठीचा इतिहास

व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून मद्याविषयी बोलावयाचे म्हटले की श्रोत्यांत थोडी चुळबूळ व्हावी, हे साहजिक आहे. आमच्याकडे या पदार्थाविषयी बोलण्याच्या दोनच रीती पडून गेल्या आहेत. एक निंदेची आणि दुसरी थट्टेची. अभ्यासाची तिसरी रीत असू शकते, हे आम्ही बहुधा विसरलो आहोत. पण गेल्या काही दशकांत महाराष्ट्रात द्राक्षांची वाइन होऊ लागली, नाशिककडच्या मळ्यांत आणि मुंबई-पुण्यासारख्या शहरांत ती चाखण्याच्या बैठकी भरू लागल्या. पाचसहा पेले ओळीने मांडावयाचे, प्रत्येकात घोट-दोन घोट ओतावयाचे, रंग पाहावयाचा, वास घ्यावयाचा, घोट तोंडात घोळवून त्याचा कस ठरवावयाचा, आणि नावाजलेल्या वाइनशेजारी एखादी अपरिचित वाइन ठेवून दोहोंची तुलना करावयाची, असा या बैठकींचा क्रम असतो. मग वाद सुरू होतो. हे सारे परदेशी खूळ आहे, असे एक पक्ष म्हणतो. दुसरा पक्ष म्हणतो, छे, हे तर आमचे वेदकाळापासूनचे आहे. गंमत अशी की, दोन्ही पक्ष इतिहासाची साक्ष काढतात. तेव्हा त्या साक्षीदारालाच एकदा नीट विचारावे, एवढाच आजच्या विवेचनाचा हेतू आहे. आणि या खटल्यातला एक महत्त्वाचा साक्षीदार खुद्द कोल्हापुरात आहे.

पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीची टेकडी आहे. १९४४ साली या टेकडीत प्राध्यापक कुंदनगार यांना ब्राँझच्या वस्तूंचा एक मोठा साठा मिळाला. पाठोपाठ १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या वतीने डॉ. ह. धी. सांकळिया आणि डॉ. मो. गं. दीक्षित यांनी तेथे शास्त्रीय उत्खनन केले. त्याचा अहवाल १९५२ साली प्रसिद्ध झाला. सातवाहनांच्या काळातील विटांची घरे, मातीची भांडी, मणी, नाणी असा एका नांदत्या नगराचा संसारच मातीखालून वर आला. या सगळ्यात विद्वानांचे डोळे ज्यांवर खिळले त्या वस्तू मात्र परदेशी होत्या. त्यांत पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची वीतभरही उंची नसलेली एक देखणी मूर्ती आहे, आणि रोमन घडणीची, मुठीची, ब्राँझची एक झारी आहे. १८७२ ते १८७६ या काळात बांधलेल्या टाऊन हॉलच्या इमारतीत आपले वस्तुसंग्रहालय आहे, आणि हा ठेवा त्या संग्रहालयाचे भूषण आहे. जगातले अभ्यासक त्यासाठी कोल्हापूरचे नाव घेतात. आम्ही कोल्हापूरकर मात्र टाऊन हॉलच्या बागेत फिरून परत येतो!

या जातीच्या झाऱ्या इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमारास इटलीत, विशेषतः कंपानिया प्रांतातील कारखान्यांत घडत. ग्रीक-रोमन जगात मद्य ओतण्याचे भांडे म्हणून या आकाराची ख्याती आहे. कंपानिया हे नाव मद्याच्या इतिहासातही मोठे आहे. रोमन श्रीमंतांचे लाडके फालेर्नियन मद्य याच भागातल्या डोंगरउतारांवर होत असे. प्लिनी या रोमन ग्रंथकाराने आपल्या सृष्टिज्ञानाच्या ग्रंथाचा चौदावा खंड द्राक्षवेली आणि मद्ये यांना दिला असून इटलीतील मद्यांची प्रतवारी लावली आहे. फालेर्नियन हे एकच मद्य ज्योतीने पेट घेते, असेही तो नोंदवितो. तात्पर्य, मद्याची प्रत लावण्याचा आणि त्यावर हिरिरीने वाद घालण्याचा नाद आजकालचा नव्हे. प्लिनी इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात मरण पावला, आणि त्याच उद्रेकात कंपानियातील कित्येक द्राक्षमळे राखेखाली गेले.

हे मद्य आमच्या किनाऱ्यावर येत होते काय? येत होते, आणि त्याचा पुरावा लेखी आहे. पहिल्या शतकाच्या मध्यास इजिप्तमधल्या एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ नावाची समुद्रप्रवासाची मार्गदर्शिका लिहिली. त्याने आपले नाव कोठे ठेवलेले नाही. माल मात्र काटेकोरपणे नोंदविला आहे. भडोच बंदरात काय खपते, हे सांगताना त्याने पहिल्याच जागी मद्य घातले आहे, आणि त्यातही आवडीचा क्रम दिला आहे. इटालियन मद्याला पहिली पसंती, त्याखेरीज सीरियाच्या लाओदिकियाचे आणि अरबस्तानचे. पुढे तो राजासाठी न्यावयाच्या वस्तू वेगळ्या सांगतो. चांदीची मौल्यवान भांडी, गाणारी मुले, सुंदर मुली, तलम वस्त्रे, निवडक सुगंधी लेप आणि उत्तम मद्य. म्हणजे येथल्या गिऱ्हाइकाला मद्यामद्यातला फरक कळत होता, आणि तो कळतो हे परदेशी व्यापाऱ्यालाही ठाऊक होते. या एका ओळीत आम्हांला दोन हजार वर्षांपूर्वीची रुची दिसते. त्याच वेळी गाणाऱ्या मुलांचा आणि मुलींचा तो उल्लेख वाचून, या रुचीच्या शेजारी माणसांचाही बाजार होता, याची आठवण ठेवावी लागते.

आता हा माल आत कसा जाई, ते पाहू. इजिप्तहून जहाजे जुलैच्या सुमारास सुटत आणि नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याच्या जोरावर अरबी समुद्र ओलांडीत. मद्य येई ते मातीच्या निमुळत्या, दोन कानांच्या रांजणांतून. त्यांना आतून राळेचा लेप दिलेला असे. अशा एका रांजणात सुमारे २६ लिटर मद्य मावे, आणि भरलेला रांजण मणाहून जड होई. भडोचहून दक्षिणेस पैठण २० दिवसांच्या वाटेवर, आणि तेथून पूर्वेस तगर, म्हणजे आजचे तेर, आणखी १० दिवसांच्या वाटेवर, असे पेरिप्लसकार सांगतो. गाडीवाटेच्या खडखडाटात हे रांजण किती फुटत असतील याची कल्पनाच करावी. कल्याणचे बंदर जवळ होते. पण राजकीय वैरामुळे तेथे जाणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, अशीही नोंद त्याने केली आहे. जकात, सत्ता आणि मद्य यांचे नाते तेव्हापासूनच असे गुंतागुंतीचे आहे!

आमचे कोल्हापूर या व्यापाराच्या नकाशावर होते, याविषयी शंका नाही. ब्रह्मपुरीत विळिवायकुर या नावाच्या राजांची नाणी सापडली. दुसऱ्या शतकातील भूगोलकार टॉलेमी हिप्पोकूरा नावाची एक राजधानी सांगतो, आणि तेथील राजाचे नाव बालेओकूरोस असे देतो. हा बालेओकूरोस म्हणजे आमचा विळिवायकुरच, असे अनेक विद्वान मानतात. दूरच्या आलेक्झांड्रियात बसलेल्या पंडिताच्या कानांवर सह्याद्रीच्या कुशीतील राजाचे नाव जावे, ही साधी गोष्ट नव्हे.

एवढे सगळे हाती आल्यावर मोह असा होतो की, झटकन निर्णय देऊन मोकळे व्हावे: ब्रह्मपुरीतले श्रीमंत नागरिक इटालियन मद्य पीत होते, ही झारी त्याचा पुरावा आहे, पुढचा खटला चालवा! पण येथेच थांबले पाहिजे. झारी रिकामी आहे. रोमन लोक अशा झारीतून मद्य ओतीत हे खरे, तसेच जेवणापूर्वी आणि देवकार्यापूर्वी हातांवर पाणीही ओतीत. कोल्हापुरात आल्यावर तिचे काय झाले? तिच्यातून मद्य ओतले गेले असेल, देवावर पाण्याची धार धरली गेली असेल, किंवा नुसती एक दुर्मिळ चीज म्हणून ती मिरविली गेली असेल. एवढे ब्राँझ एका जागी सापडले, तेव्हा ते कोणा धातुकाम करणाऱ्याचा वा व्यापाऱ्याचा साठा असण्याचाही संभव आहे. भांडे प्रवास करते, तेव्हा त्याचा वापर त्याच्याबरोबर प्रवास करतोच असे नाही. आमच्या आजीच्या फडताळात विलायती बिस्किटांच्या डब्यात सुईदोरा असे. त्यावरून घरात रोज बिस्किटे खाल्ली जात, असे अनुमान कोणी काढील काय?

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. नेवासे, तेर, जुन्नर अशा ठिकाणी जाड मातीच्या रांजणांच्या खापऱ्या मिळाल्या, आणि पुष्कळ काळ त्यांतल्या बहुतेक सगळ्या रोमन मद्याच्या रांजणांच्या समजल्या गेल्या. पुढे, विसाव्या शतकाच्या अखेरीस आणि चालू शतकाच्या आरंभी, खापऱ्यांची माती आणि आतला लेप बारकाईने तपासला गेला. तेव्हा पश्चिम भारतातल्या अशा कित्येक खापऱ्या इटलीच्या नसून मेसोपोटेमिया आणि इराणी आखात यांकडच्या ठरल्या. त्यांना कान नाहीत, आणि आतला लेप डांबराचा आहे. त्यांतल्या काही तर रोमन व्यापार ओसरल्यानंतरच्या काळातल्या आहेत. मद्य आले असेल तर तेही वेगळ्या देशाचे! जे ‘रोमन’ म्हणून नावाजले होते त्याच्याजागी अपरिचित असे काही निघाले. पुराव्याचीही चव घ्यावी लागते; नुसती चिठ्ठी वाचून प्रत ठरवता येत नाही.

जुन्नरचा विषय निघाला म्हणून आणखी एक गोष्ट सांगतो. तेथील लेण्यांत तीन यवनांचे दानलेख आहेत. यवन म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे मद्याचे रांजण घेऊन येणारा व्यापारी उभा राहतो. पण या तिघांतील इरिल नावाच्या यवनाने दान दिले ते पाण्याच्या दोन टाक्यांचे, आणि चित नावाच्या यवनाने दिले ते भिक्षुसंघासाठी भोजनमंडपाचे. मद्य वर्ज्य मानणाऱ्या संघाला पाणी आणि अन्नछत्र देणारे हे परदेशी लोक आमच्या सोप्या कल्पनांत बसत नाहीत.

मग आमचे स्वतःचे लोक काय पीत, आणि कसे पीत? कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचे एक प्रकरण आहे. त्यात मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय आणि मधु असे सहा प्रकार सांगितले आहेत. तांदळाचे मद्य कोणते, पिठाचे कोणते, कवठाचे कोणते, हे त्याने घटकांसह दिले आहे. मैरेयात गूळ पडे आणि पिंपळी-मिऱ्यांचा मसाला पडे, हे वाचून गुळाच्या गावात राहणाऱ्या आम्हांला थोडे कुतूहल वाटल्यावाचून राहत नाही. द्राक्षाच्या रसाचे ते ‘मधु’. त्याची नावे त्याच्या गावांवरून पडली होती, कापिशायन आणि हारहूरक. कापिशी म्हणजे काबूलच्या उत्तरेचा प्रदेश. म्हणजे द्राक्षमद्य गावाच्या नावाने ओळखावे आणि मागावे, ही चाल भारतात फार जुनी आहे. मात्र ते गाव आमच्यापासून फार दूरचे होते. दक्षिणेतल्या माणसाला कापिशीचे मद्य काय आणि इटलीचे काय, दोन्ही पाहुणीच होती. याच प्रकरणात कौटिल्य पानगृहांत निजण्याबसण्याची सोय, सुगंध, फुले आणि पाणी असावे असे सांगतो, आणि उत्सवाच्या चार दिवसांत विक्रीची मोकळीक देतो. आणि एक ध्यानात घ्या: द्राक्षाचे मधु आणि पिठाची सुरा ही दोन्ही त्याने एकाच अधिकाऱ्याच्या ताब्यात ठेवली आहेत. द्राक्षमद्य हे मद्यच नव्हे, असा युक्तिवाद त्याच्यापुढे टिकला नसता.

पिण्याच्या बैठकीचे चित्र मात्र वात्स्यायनाच्या कामसूत्रात मिळते. हा ग्रंथ बहुधा तिसऱ्या-चौथ्या शतकातला असून त्यात कुंतल सातकर्णी या सातवाहन राजाचा उल्लेख आहे. ‘कुंतल’ या नावाच्या देशात आमचा हा कृष्णेकाठचा मुलूखही येत असे. वात्स्यायनाचा नागरक अपराह्णी गोष्ठीत जातो. गोष्ठी म्हणजे विद्या, बुद्धी, शील, धन आणि वय यांत साधारण सारख्या असणाऱ्यांची बैठक. तीत काव्याची चर्चा होई, कलांची चर्चा होई. बोलताना फार संस्कृतही झाडू नये आणि फार देशभाषाही वापरू नये, असा शहाणपणाचा सल्ला तो देतो. आमच्या आजच्या वक्त्यांनीही तो मनावर घेण्यासारखा आहे. याच बैठकीचे एक रूप म्हणजे आपानक, अर्थात पानगोष्ठी. ती एकमेकांच्या घरी भरे. तेथे मधु, मैरेय, सुरा आणि आसव असे निरनिराळे प्रकार असत आणि त्यांच्यासोबत खारट, कडू, तिखट, आंबट तोंडीलावणी, फळे आणि हिरव्या भाज्या मांडल्या जात. त्या तोंडीलावण्याला संस्कृतात उपदंश म्हणतात. आम्ही त्याला चखणा म्हणतो. घरोघर भरणारी बैठक, समानशीलांची मंडळी, एकाहून अधिक मद्ये, त्यांना जुळणारे पदार्थ आणि सोबत साहित्याच्या गप्पा. वाइन चाखण्याच्या मंडळाचे याहून स्पष्ट प्राचीन रूप कोणते सांगावे? फक्त तेथे मद्य देण्याचे काम गणिकांकडे होते आणि कुळस्त्रीला त्या बैठकीत जागा नव्हती, हेही त्याच पानावर वाचावे लागते.

हे झाले एका बाजूचे. पण ज्या समाजात आपानके भरत, त्याच समाजात मनुस्मृती सुरापानाला महापातकांत घालीत होती आणि गौडी, पैष्टी, माध्वी असे सुरेचे तीन प्रकार सांगून द्विजांना तिन्ही निषिद्ध ठरवीत होती. बौद्धांच्या पंचशीलातले पाचवे शील मादक पेयांपासून दूर राहण्याचे आहे. आणि कोल्हापुरात तर १८७७ साली एका बौद्ध स्तूपाचे अवशेष आणि धातुकरंडक सापडला. म्हणजे एकाच गावात, फार तर एकदोन शतकांच्या अंतराने, परदेशी झारी बाळगणारा गृहस्थही होता आणि पाचवे शील पाळणारा उपासकही होता. कदाचित ते एकाच घरात असतील. ‘आमची परंपरा’ या शब्दाने यांपैकी कोणाला निवडावयाचे?

वेदकाळाच्या साक्षीविषयीही दोन शब्द बोलले पाहिजेत. सोम म्हणजे द्राक्षमद्य, असे बिनदिक्कत सांगितले जाते. पण सोम हा एका वनस्पतीला ठेचून, पिळून, गाळून यज्ञात लगेच अर्पण करण्याचा रस होता. सुरा हा त्याहून वेगळा पदार्थ, आणि वैदिक ग्रंथच हा भेद करतात. ती वनस्पती कोणती, यावर विद्वानांचे एकमत नाही. तेव्हा आजच्या बाटलीवर सोमाची चिठ्ठी चिकटविणे हा इतिहास नव्हे, जाहिरात आहे.

पुढे बाराव्या शतकात येऊ. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११३० च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ज्ञानकोश रचला. त्यातील राजाच्या वीस क्रीडांमध्ये मदिरापानाची क्रीडाही आहे. त्या वेळी कोल्हापुरावर शिलाहारांचे राज्य होते. गंडरादित्य हा शिलाहार राजा त्याच चालुक्यांचा मांडलिक होता. सोमेश्वराचा पिता सहावा विक्रमादित्य याने चंद्रलेखा या शिलाहार राजकन्येशी विवाह केल्याचे बिल्हण कवीने आपल्या काव्यात वर्णिले आहे. म्हणजे मानसोल्लासाचा दरबार आम्हांला परका नाही. मात्र वात्स्यायनाचे आपानक नागरिकांच्या घरी पाळीपाळीने भरे, आणि सोमेश्वराची क्रीडा राजवाड्याची झाली. समानांची गोष्ठी जाऊन एका पुरुषाची हौस उरली. आमच्या मते पानगोष्ठीचे खरे नुकसान झाले ते येथे. तिच्यातली बरोबरीची चर्चा गेली.

आता द्राक्षवेलीकडे वळू. कारण दख्खनच्या भूमीत तिने मूळ धरल्यावाचून आजच्या बैठकी शक्य नव्हत्या. चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादेस आला. तेथे द्राक्षे आणि डाळिंबे होतात आणि वर्षातून दोनदा फळतात, असे त्याने लिहून ठेवले. दख्खनच्या उष्ण हवेत वेलीला थंड देशासारखी हिवाळ्याची झोप मिळत नाही. ती सतत फुटू पाहते. म्हणून आमचा बागाईतदार तिला कात्रीने शिस्त लावतो. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी, अशा दोन छाटण्या करून तो जानेवारी ते मार्चमध्ये एकच पीक घेतो. युरोपात द्राक्षे शरदात खुडतात, आमच्याकडे वसंताच्या तोंडावर. ही विद्या पुस्तकांतून आलेली नाही. तासगाव, सांगली, नाशिक, जुन्नर येथल्या मळेकऱ्यांनी ती पिढ्यान्पिढ्या हाताने घडविली.

राजकारणाने या विषयाला पुन्हा वळण दिले. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले आणि त्याच वर्षी मुंबईचा दारूबंदी कायदा झाला. पुढच्या दशकात चोरट्या भट्ट्या वाढल्या, आणि १९६० नंतर महाराष्ट्रात कायदा सैल करावा लागला. १९८० नंतरच्या दशकात जुन्नर तालुक्यातील नारायणगावाजवळ फेसाळ वाइन होऊ लागली. ज्या तालुक्यात इरिल यवनाने पाण्याच्या टाक्या खोदवल्या, त्याच तालुक्यात! २००० साली नाशिकच्या सुलाची पहिली वाइन बाजारात आली. २००१ साली महाराष्ट्र शासनाने द्राक्षप्रक्रियेचे धोरण जाहीर केले आणि विंचूरबरोबरच आमच्या शेजारी सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाइन उद्यानाची योजना आखली. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा मोठे वादळ उठले. शेतकऱ्याच्या द्राक्षाला भाव मिळेल, असे एक बाजू म्हणाली. घरोघरची चूल विझेल, असे दुसरी म्हणाली. या दोन्ही चिंता खऱ्या आहेत. दारूपायी संसार उद्ध्वस्त झालेली माउली ज्या गावात राहते, त्याच गावात कर्जाच्या ओझ्याखाली बाग उभी करणारा शेतकरीही राहतो. त्या दोघांचा हिशेब आजच्या माणसांनी आजच्या अनुभवावरच करावा लागेल. ब्रह्मपुरीची झारी त्यात मत देऊ शकत नाही, आणि तिच्या तोंडी मत घालण्याचा अधिकारही कोणाला नाही.

मग एवढा इतिहास चाळून हाती काय लागले? आमच्या मते, एक कसोटी लागली. कोल्हापूरच्या माणसाला चाखून पारख करणे नवे नाही. १८९५ साली वसलेल्या शाहूपुरीच्या बाजारात गुळाच्या रव्याचा रंग पाहून, कण बघून, चिमूटभर तोंडात टाकून जाणता व्यापारी प्रत ठरवी. तो गुळाचे व्यसन लागलेला माणूस नसे. त्याची जीभ शाबूत असे, म्हणून त्याला बाजारात मान असे. पेरिप्लसमधले गिऱ्हाईक, प्लिनी आणि वात्स्यायनाचा नागरक हे याच पारखी कुळातले. जी बैठक माणसाची पारख जागी ठेवते ती गोष्ठी. जी ती बुडविते तिला दुसरे नाव आहे, आणि ते आपणां सर्वांस ठाऊक आहे. कोणी अशा बैठकीस जावे की न जावे, हा ज्याच्या त्याच्या शीलाचा प्रश्न. पण जाणाऱ्याने ‘ही ऋषींची चाल’ म्हणून छाती फुगवू नये आणि न जाणाऱ्याने ‘हे काल आलेले परदेशी पाप’ म्हणून नाक मुरडू नये.

श्रोत्यांना एकच विनंती आहे. येत्या सुट्टीत मुलांना घेऊन टाऊन हॉलमध्ये जावे आणि ती झारी पाहावी. मुले विचारतील, हिच्यात काय होते? तेव्हा मद्य होते असेही सांगू नये आणि पाणी होते असेही सांगू नये. ती कोठून आली, किती समुद्र आणि किती वाटा तुडवून आली, आणि आमच्याच गावातल्या कोणी तरी ती जपून ठेवली, एवढे सांगावे. तेवढे खात्रीचे आहे.